मक्याला बार्लीची सोबत का लागते?

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयातल्या व्याख्यानानंतर एक मुलगा मागे थांबला. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला एक माणूस पिंपात मक्याचा भरडा टाकतो, त्यावर साखरेच्या पिशव्या रिकाम्या करतो, यीस्ट भुरभुरतो आणि सांगतो, ही आमची घरगुती कॉर्न व्हिस्की. मुलाने विचारलं, "सर, यीस्ट साखर खातं. साखर तर पिशवीतून आली. मग मका कशाला?"

प्रश्न अगदी मर्मावर होता. मका गोड असतो म्हणून त्याची दारू होते, अशी पुष्कळांची समजूत असते, कारण डोळ्यासमोर असतं ते स्वीट कॉर्नचं कणीस. स्वीट कॉर्नमध्ये एका जनुकीय बदलामुळे साखरेचं स्टार्च होण्याची प्रक्रिया अडते, शिवाय ते कोवळंच खुडतात. व्हिस्कीसाठी लागतो तो पूर्ण वाळलेला डेंट कॉर्न, ज्याच्या दाण्याच्या डोक्यावर खळगा पडलेला असतो. त्याच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग स्टार्च, म्हणजे पिष्ट. साखर जेमतेम दोन-तीन टक्के. असा मका शिजवून त्यात नुसतं यीस्ट टाकलं, तर नावापुरते बुडबुडे येतात आणि सगळं थांबतं. पुढे ते आंबूस होऊन नासतं.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. यीस्टला एक मणी चालतो, दोन जोडलेले (माल्टोज) चालतात, बऱ्याच जातींना तीनही चालतात. त्यापुढे त्याचा घास अडतो, कारण माळ तोडणारं विकर (एन्झाइम) नेहमीच्या यीस्टकडे नाही. आपल्याकडे आहे. भाकरीचा तुकडा गिळायची घाई न करता चावत राहिलात तर तो गोडसर लागू लागतो, ते लाळेतल्या अमायलेज या विकरामुळे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात मका चावून, लाळेत भिजवून मग आंबवण्याची पद्धत होती. तिथेच मक्याला मोड आणून आंबवायचीही रीत आहे. दोन्ही वाटांनी मिळवायचं असतं ते हेच विकर.

म्हणून कॉर्न व्हिस्कीसाठी धान्य निवडताना खरा प्रश्न चवीच्याही आधीचा असतो: माळ तोडणार कोण?

उत्तर दाण्यातच आहे. दाण्यातलं पीठ म्हणजे रोपट्याची शिदोरी, आणि ती उघडायची सोयही बीजात असते. बार्ली (जव) भिजली की अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते दाण्याच्या कडेच्या ॲल्युरोन थरापर्यंत पोचतं आणि तो थर अल्फा-अमायलेज बनवू लागतो. दुसरं विकर, बीटा-अमायलेज, बार्लीच्या दाण्यात आधीपासूनच बांधून ठेवलेलं असतं. मोड येताना ते मोकळं होतं. नेमक्या वेळी मोड थांबवून दाणे हलक्या आचेवर सुकवले की झालं माल्ट. १८३३ साली पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी माल्टच्या अर्कातून स्टार्च विरघळवणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला 'डायस्टेज' नाव दिलं. वेगळं काढलेलं हे पहिलं विकर. आज विकरांच्या नावांना जी 'एज' अशी शेपटी लागते, ती याच नावातून आली.

या दोन विकरांची कामाची तऱ्हा अगदी वेगळी. अल्फा माळेत मधेच कुठेही वार करतं. लांब माळेचे तुकडे होतात आणि घट्ट लापशी बघता बघता पातळ होते. बीटा माळेच्या एका टोकाला बसून दोन-दोन मणी ओढून काढतं. अल्फाने जितके तुकडे पाडले तितकी नवी टोकं बीटाला मिळतात, म्हणून दोघं एकत्र असली की काम झपाट्याने होतं. अडचण आहे ती फांद्यांची. मक्याच्या स्टार्चचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग अमायलोपेक्टिन, म्हणजे फांद्या फुटलेली माळ. फांदीचा सांधा या दोघांनाही तोडता येत नाही. तो तोडणारं लिमिट डेक्स्ट्रिनेज हे तिसरं विकर माल्टमध्ये थोडं असतं आणि ते सावकाश काम करतं. बिअर करताना चोथ्यापासून वेगळा केलेला गोड रस आंबवण्याआधी उकळतात, तिथे तिन्ही विकरे मरतात आणि न तुटलेले तुकडे बिअरला अंग देतात. व्हिस्कीसाठी रस उकळत नाहीत. विकरे जिवंतपणीच यीस्टबरोबर टाकीत जातात आणि आंबणं चालू असताना फांद्यांची तोडणीही चालू राहते. मला या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट.

आता पेच तापमानाचा. कच्चा स्टार्च घट्ट गुंडाळलेल्या कणांत असतो आणि विकराला आत शिरायला वाव नसतो. कुरडयांचा चीक शिजवताना पाहिला असेल: पांढरं दुधासारखं पाणी ढवळता ढवळता अचानक जड होतं, पारदर्शक होतं. तेव्हा कण पाणी पिऊन फुटलेले असतात. बार्लीचे कण बहुधा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुटतात. मक्याच्या कणांना ६२ ते ७२ अंश लागतात, आणि भरडा जाड असेल तर उष्णता आतवर पोचवायला उकळीपर्यंत जावं लागतं. इकडे बीटा-अमायलेज सत्तरच्या वर भराभर मरतं, आणि माल्टमधलं अल्फाही ऐंशीच्या पुढे टिकत नाही. ज्या उष्णतेत मका उघडतो, त्याच उष्णतेत कात्री वितळते. म्हणून क्रम ठरलेला: मका आधी शिजवायचा, मग पासष्ट अंशांच्या आसपास आणायचा, मगच माल्ट. निवताना ढवळत राहायचं, नाहीतर फुललेला स्टार्च पुन्हा आवळून बसतो आणि विकराला दाद देत नाही. कालची भाकरी कडक होते ती याच कारणाने.

हे घरच्या ओट्यावर, दारूचा थेंबही न बनवता पाहता येतं. चार चमचे मक्याचं पीठ दोन वाट्या पाण्यात शिजवलं. लापशी इतकी घट्ट झाली की चमचा उभा राहिला. थर्मामीटर ६५ वर उतरल्यावर त्यात चमचाभर मोड आणलेल्या नाचणीचं पीठ घातलं, सावलीत सुकवलेलं आणि न भाजलेलं, कारण भाजलं की विकर मरतं. झाकण ठेवून दहा मिनिटांनी ढवळलं, तर चमच्यावरून ताकासारखं ओघळलं. अर्ध्या तासाने चाखलं तेव्हा जिभेवर स्पष्ट गोडी होती, साखरेचा कणही न घालता. बशीत काढलेल्या सुरुवातीच्या थेंबावर आयोडीन टाकलं तर काळानिळा डाग पडला होता; तासाभराने काढलेल्या थेंबावर तो तांबूस पडू लागला. लहान बाळाला मोडाच्या नाचणीचं सत्त्व देण्यामागे हेच विज्ञान आहे. पेज पातळ राहते, पण त्यात धान्य जास्त मावतं.

मक्यालाही मोड येतात, आणि अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरात मोडाच्या मक्याचीच व्हिस्की करणारे होते. पण मोडाच्या मक्यात अल्फा बऱ्यापैकी आणि बीटा फारच कमी असतं. म्हणून बार्लीची सोबत. ती फार लागत नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या भट्टीत १७९९ साली जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. तिचं प्रमाण ६० टक्के राय (गव्हासारखं एक धान्य), ३५ टक्के मका आणि फक्त ५ टक्के माल्ट केलेली बार्ली असं होतं. आजच्या अमेरिकी नियमांत कॉर्न व्हिस्की म्हणवायला किमान ८० टक्के मका लागतो, बर्बन या दुसऱ्या अमेरिकी व्हिस्कीला किमान ५१. उरलेल्या जागेत राय घातलं तर चव तिखटसर होते, पण त्यातल्या अरॅबिनोझायलन या तंतुमय पदार्थामुळे मिश्रण डिंकासारखं चिकट होतं. गहू घातला तर चव मवाळ राहते.

मग साखरेच्या पिशव्या? त्या आल्या मुख्यतः १९२० ते १९३३ च्या अमेरिकी दारूबंदीत. चोरून गाळणाऱ्याला वेळ आणि सरपण वाचवायचं होतं, आणि साखरेला ना शिजवायला लागतं ना माल्ट. साखर आधी लिंबू घालून उकळावी लागते असं सांगतात, त्याची गरज नाही. यीस्ट स्वतःच इन्व्हर्टेज सोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. हिशेब पाहा: १०० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त ५४ ग्रॅम इथेनॉल, १०० ग्रॅम स्टार्चमधून ५७, कारण माळ तुटताना प्रत्येक सांध्यावर पाण्याचा एक रेणू जोडला जातो. पण साखरेत नायट्रोजन नाही, जीवनसत्त्वं नाहीत, खनिजं नाहीत. नुसत्या साखरेवर यीस्ट उपाशी कामगारासारखं रखडतं आणि नको ते वास सोडतं. साखरेची गोडीही गाळताना वाफेबरोबर वर जात नाही. बर्बनमधला गोडवा मुख्यतः ओकच्या जळक्या पिंपातून येतो. व्हिडिओतला मका नायट्रोजन आणि थोडी चव पुरवत होता, एवढंच. मुलाची शंका रास्त होती.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. घरी दारू गाळणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून मिरवली जाते तिच्यात ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट असे तिखट पदार्थ अधिक असतात. ज्योत निळी म्हणजे माल शुद्ध, ही समजूत तर जीवघेणी आहे. मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची ज्योतही फिकट निळीच असते. मक्याच्या स्टार्चपासून मिथेनॉल होत नाही. आंबवताना ते होतं ते फळांतल्या पेक्टिनपासून, आणि थोडं. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती दारूच्या नावाखाली औद्योगिक मिथेनॉल विकलं गेल्यामुळे.

माल्टशिवायही मका फोडता येतो, हे जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने यांनी इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात दाखवलं. भातावर वाढणारी कोजी बुरशी त्यांनी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली आणि १८९४ मध्ये तिच्या विकराचं पेटंट घेतलं. माल्टवाल्यांच्या विरोधामुळे व्हिस्कीत ते टिकलं नाही, पण पचनाचं औषध म्हणून जगभर गेलं. आज पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी आपल्याकडे मका आंबवतात, तेव्हा त्या टाक्यांत बार्लीचा एक दाणाही नसतो. नव्वद अंशांतही न मरणारं जीवाणूंचं अल्फा-अमायलेज लापशी पातळ करतं, आणि मग बुरशीचं ग्लुकोअमायलेज टोकापासून एक-एक मणी सोडवत जातं, फांदीच्या सांध्यासकट.