नाव नसलेला क्वार्टरबॅक: हातातल्या कॉलेज फुटबॉलची पार्श्वभूमी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा गेम हातातल्या छोट्या कन्सोलवर खेळण्याची सोय ईए स्पोर्ट्स या व्हिडिओ गेम कंपनीने फार थोडा काळ दिली. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था; तिच्या नावावरच्या 'एनसीएए फुटबॉल' या मालिकेची, सोनीच्या पीएसपी या खिशातल्या कन्सोलवरची पहिली आवृत्ती जुलै २००६ मध्ये आली, शेवटची जुलै २००९ मध्ये. ०७, ०९ आणि १० अशा तीनच आवृत्त्या निघाल्या. ०८ या क्रमांकाच्या वर्षी पीएसपीवाल्यांना काहीच मिळालं नाही. या तीन चकत्या आजही जपून ठेवणारे आणि खेळणारे लोक आहेत. त्यांच्या मागचा इतिहास जितका यंत्रांचा आहे तितकाच कोर्टकचेऱ्यांचा आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय पुढे दहा-अकरा वर्षं ही मालिका गायब का झाली ते कळत नाही.

आधी खेळाबद्दल थोडं. आपल्याकडे कॉलेजची मॅच म्हटली की मैदानाच्या कडेला उभे असलेले वर्गमित्र डोळ्यासमोर येतात. अमेरिकेत १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला, आणि आज मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांच्या पुढे आहे. एमएस करायला अ‍ॅन आर्बर, कोलंबस किंवा ऑस्टिनला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्याच सेमिस्टरला याचा अनुभव येतो: शनिवारी सकाळपासून अख्खं गाव एका रंगाचे टी-शर्ट घालून रस्त्यावर असतं. प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा बँड, स्वतःचं गाणं, शंभर वर्षांची वैरं. व्यावसायिक लीगमध्ये बत्तीस संघ, इथे वरच्या श्रेणीतच शंभराहून जास्त. कॉलेज फुटबॉलचा गेम करायचा म्हणजे हे सगळं त्यात आणायचं. म्हणून तो मोठ्या यंत्राचा गेम ठरला आणि हातातल्या यंत्रावर इतक्या उशिरा आला.

हातात धरायचं फुटबॉल मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. १९७७ मध्ये मॅटेलने 'फुटबॉल' नावाचं खेळणं काढलं. आत कॅल्क्युलेटरसाठी बनणाऱ्या चिपसारखी चिप, आणि पडद्यावर तीन ओळी, नऊ रकाने, त्यांत लुकलुकणाऱ्या लाल रेघा. जरा जास्त प्रखर चमकणारी रेघ म्हणजे आपण, बाकीच्या रेघा आपल्याला पाडायला आलेले गडी. पास नव्हताच, फक्त पळायचं. तरी शाळेच्या डब्याच्या सुट्टीत त्याने पोरांना वेड लावलं. त्यात संघ नव्हते, नावं नव्हती, कॉलेजं नव्हती.

घरातल्या कन्सोलवर कॉलेज फुटबॉल ईएने १९९३ मध्ये आणला, तो बिल वॉल्श यांच्या नावावर. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला तीन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची अजिंक्यपदं, जिंकून देणारे वॉल्श तेव्हा पुन्हा स्टॅनफर्डचे प्रशिक्षक झाले होते. खेळाडूंना नावं नव्हती, नुसते जर्सीवरचे आकडे. १९९५ च्या 'कॉलेज फुटबॉल यूएसए ९६' मध्ये वरच्या श्रेणीचे सगळे, म्हणजे १०८ संघ आले आणि १९९७ पासून मालिकेला 'एनसीएए फुटबॉल' हे नाव पडलं. २००५ मध्ये कॉलेज फुटबॉलचे हक्क एकट्या ईएकडे गेले. त्याआधी सोनीचे आणि सेगाचे कॉलेज फुटबॉल गेम होते, आता स्पर्धाच उरली नाही. माझ्या मते पुढच्या अनेक दुखण्यांचं मूळ इथे आहे. एकाच कंपनीच्या हातात सगळं असलं की तिने हातातल्या कन्सोलकडे पाठ फिरवली तर दुसरं कोणी ती जागा भरत नाही.

त्याच वर्षी, मार्च २००५ मध्ये, पीएसपी अमेरिकेत आला. ४.३ इंचाचा रुंद पडदा, यूएमडी नावाची प्लॅस्टिकच्या कवचातली छोटी चकती, तिच्यात १.८ जीबीपर्यंत जागा. त्या काळी खिशात मावणाऱ्या यंत्रावर असं चित्र दिसणं ही मोठी गोष्ट होती. एका हाताला अंगठ्याने सरकवायचं चपटं बटण, दुसरीकडे चार बटणं, वर खांद्याला दोन. मोठ्या कन्सोलला अंगठ्याच्या दोन काड्या होत्या, इथे एकच. टीव्हीवर उजव्या काडीने जे टॅकल आणि किक करायची सवय लागलेली, ते इथे बटणांवर बसवावं लागलं. चकती आत फिरायची, तिचा खरखर आवाज यायचा, आणि एक सामना सुरू व्हायला चांगलाच वेळ लागायचा. गेम सेव्ह करायला मेमरी स्टिक वेगळी. एवढं असूनही बसमध्ये, वसतिगृहाच्या पलंगावर, आपल्या कॉलेजचा अख्खा सीझन पुढे नेता येत होता. ०९ च्या पीएसपी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर कॅलिफोर्निया विद्यापीठाचा डिशॉन जॅक्सन होता. दर यंत्रासाठी वेगळा चेहरा छापण्याइतकं महत्त्व तेव्हा या छोट्या यंत्रालाही होतं.

मुखपृष्ठावर झळकणाऱ्या या खेळाडूने कॉलेज सोडलेलं असायचं. जे अजून कॉलेजात खेळत होते, त्यांचं नाव चकतीत कुठेच नव्हतं. एनसीएएचा तेव्हाचा नियम असा की विद्यार्थी-खेळाडू हौशी आहे, त्याने खेळावर पैसे कमवायचे नाहीत, आणि त्याचं नाव वापरून दुसऱ्यानेही वस्तू विकायची नाही. म्हणून गेममध्ये दिसायचं फक्त 'क्यूबी नंबर ९', म्हणजे नऊ नंबरचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून डाव चालवणारा गडी. बाकी सगळं मात्र खरं. सॅम केलर हा अ‍ॅरिझोना स्टेटचा क्वार्टरबॅक. २००५ च्या आवृत्तीत त्या संघाचा क्वार्टरबॅक नऊ नंबरचाच होता, आणि त्याची उंची, वजन, केसांची ठेवण, कोणत्या हाताने फेकतो, कोणत्या राज्यातला, हेल्मेटला काच लावतो का, इथपर्यंत तो केलरच होता. पुढे केलर नेब्रास्काला गेला, तर गेममधला खेळाडूही नेब्रास्कात पोहोचला. तिथे जर्सीचा नंबर तेवढा चुकला, कारण केलरने सीझनच्या तोंडावर नंबर बदलला होता. रटगर्सच्या रायन हार्टचंही तसंच: तेरा नंबर, सहा फूट दोन इंच, १९७ पौंड, राज्य फ्लोरिडा, डाव्या मनगटावर पट्टी. उरलेली कसर खेळणारे भरून काढत. खऱ्या नावांच्या याद्या कोणीतरी तयार करायचं, बाकीचे त्या गेममध्ये भरायचे.

केलरने मे २००९ मध्ये दावा ठोकला. जुलैत पीएसपीची शेवटची आवृत्ती दुकानात आली आणि त्याच महिन्यात एड ओबॅनन कोर्टात गेला. ओबॅनन बास्केटबॉलवाला, यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या १९९५ च्या विजेत्या संघातला. ओळखीच्या घरी एका गेममध्ये त्याने स्वतःला खेळताना पाहिलं. नाव नव्हतं, पण डावखुरा होता आणि त्याच्यासारखाच दिसत होता, आणि यासाठी त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. पीएसपी आवृत्ती या खटल्यांमुळे थांबली असं मी म्हणणार नाही. मोठ्या कन्सोलवर मालिका पुढे चालूच राहिली. पण हातातल्या गेमचा शेवट आणि खेळाडूंच्या लढ्याची सुरुवात एकाच उन्हाळ्यात झाली खरी.

ईएचं म्हणणं होतं की गेम ही अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचं संरक्षण आहे. २०१३ च्या मे महिन्यात हार्टच्या आणि जुलैत केलरच्या प्रकरणात अपील कोर्टांनी ते मानलं नाही. ज्या मैदानावर खेळाडूने नाव कमावलं, त्याच मैदानावर त्याला जसाच्या तसा उभा केलाय, त्यात नवनिर्मिती फारशी नाही, असा निकालाचा रोख होता. त्याच जुलैत एनसीएएने करार पुढे न चालवण्याचं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये ईएने मालिकाच थांबवली. ईए आणि परवान्यांचा व्यवहार पाहणारी कंपनी यांनी ४ कोटी डॉलर, एनसीएएने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. 'एनसीएए फुटबॉल १४' शेवटचा ठरला आणि त्याच्या जुन्या डिस्क शंभर डॉलरच्या वर विकल्या जाऊ लागल्या. अनेक चाहत्यांनी तेव्हा खेळाडूंनाच बोल लावला. मला तो राग चुकीचा वाटतो. लाखो डिस्क ज्यांच्या चेहऱ्यावर आणि अंगकाठीवर विकल्या, त्यांनी आपला वाटा मागितला, यात आगाऊपणा कुठला?

मधल्या काळात हातातला गेम जिवंत ठेवला तो चाहत्यांनी. पीपीएसएसपीपी हा २०१२ पासूनचा मोफत एम्युलेटर पीएसपीचे गेम फोनवर चालवतो. मे २०२४ मध्ये तो आयफोनवरही अधिकृतपणे आला. आपल्या जुन्या चकतीची प्रत काढून लोक २००९ चा सीझन फोनवर खेळतात, पीएसपीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्रात. मोठ्या कन्सोलच्या १४ क्रमांकाच्या गेमवर 'कॉलेज फुटबॉल रिव्हँप्ड' नावाचं मोठं काम स्वयंसेवकांनी उभं केलं, नवे संघ आणि नवे गणवेश घालून.

खेळाडूंचा प्रश्न सुटला तो जुलै २०२१ मध्ये, जेव्हा एनसीएएला नाव, चेहरा आणि ओळख यांवर कमाईची मुभा द्यावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी 'ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५' आला: १३४ संघ आणि अकरा हजारांहून जास्त खेळाडू, खऱ्या नावांनी. होकार देणाऱ्या प्रत्येकाला सहाशे डॉलर आणि गेमची एक प्रत. टेक्ससच्या आर्च मॅनिंग या क्वार्टरबॅकने आधी नकार दिला, मग तोही आला. नकार देता येतो, हीच तर केलरच्या वेळेपासूनची मागणी होती.

हा गेम निघाला फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. हातात खेळायचा असेल तर सोनीचा २०२३ चा प्लेस्टेशन पोर्टल आहे. आठ इंचाचा सुरेख पडदा, दोन्ही अंगठ्यांना काड्या. पण चाहते जेव्हा पोर्टलवर शनिवारचा सामना लावतात, तेव्हा गेम त्या यंत्रात चालत नसतो, बहुतेक वेळा तो घरच्या पीएस५ वर चालतो आणि चित्र वायफायवरून येतं. वायफाय ढेपाळलं की नेमका पास हवेत असताना चित्र थिजतं. आगगाडीत, विमानात पीएसपीची चकती बिनधास्त फिरायची, ते इथे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएने निन्टेन्डो स्विच २ वर मॅडन आणला, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल पुन्हा खऱ्या अर्थाने हातात आला. त्याच उन्हाळ्यातला 'कॉलेज फुटबॉल २६' त्या यंत्रावर आला नाही.