दुखण्यातून आलेली साधनं

पॉझिटिव्ह सायकॉलॉजी म्हणजे माणसाच्या बलस्थानांचा आणि आनंदाचा अभ्यास करणारं मानसशास्त्र. त्यावर आधारलेल्या कोचिंगमध्ये (शिकवणी नव्हे, आयुष्याबद्दलचं मार्गदर्शन) आज दोन गोष्टी हमखास करून घेतात: थोडा वेळ श्वासाकडे लक्ष, आणि स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगणं किंवा लिहिणं. जाहिरातीत दोन्ही आनंदाचे उपाय म्हणून खपतात. जन्म मात्र दोन्हींचा दुखण्यातून झाला.

ब्रह्मदेशातले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये विपश्यनेकडे वळले ते अर्धशिशीने हैराण होऊन. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे सरकारी महालेखापाल. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. गोएंकांनी १९६९ मध्ये मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीचं केंद्र त्यानंतरचं. बोधगयेच्या शिबिरात त्यांच्याकडे शिकलेल्या काही अमेरिकन तरुणांनी पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानकेंद्र काढलं. अमेरिकेतले जॉन कबाट-झिन तिथे साधनेला बसत. अर्थात, ते झेन या बौद्ध ध्यानपरंपरेतल्या कोरियन गुरूंकडेही शिकले होते, त्यामुळे सगळं श्रेय इगतपुरीच्या खात्यावर टाकण्याचा मोह आवरलेला बरा.

१९७९ मध्ये कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टरच्या मेडिकल स्कूलमध्ये ध्यानाचा वर्ग सुरू केला. तो पुढे ८ आठवड्यांचा म्हणून रुळला. तिथे येत ते औषधांनी ज्यांचं दुखणं हटत नव्हतं असे रुग्ण. सुरुवात एका बेदाण्याने: तो हातात धरायचा, निरखायचा, हुंगायचा, मग सावकाश चावायचा. बुद्धाचं नाव मुद्दामच मागे ठेवलं होतं.

स्वतःची गोष्ट लिहिण्याची वाट वेगळी. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. १९८६ मध्ये निष्कर्ष छापून आले. लिहून झाल्यावर मुलं जास्तच खट्टू दिसली. पण घटनेसोबत भावनाही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या खेपा पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे मायकल व्हाइट कपड्यांत शी होणाऱ्या मुलांवर उपचार करत होते. त्या त्रासालाच त्यांनी ‘लबाड शी’ असं पात्र बनवलं. मग मूल वाईट ठरेना. त्या लबाडाला कोण कसं हरवतं, याची गोष्ट सुरू झाली. यातूनच पुढे कथनोपचार, म्हणजे स्वतःची गोष्ट नव्याने सांगण्यातून होणारा उपचार, उभा राहिला.

१९९८ मध्ये मार्टिन सेलिगमन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि आजाराइतकाच बलस्थानांचाही अभ्यास व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला. कोचिंगचा व्यवसाय तेव्हा नुकता जम बसवत होता. कोच म्हणजे काही डॉक्टर नव्हे. जखम उघडायला लावणं त्याच्या कामात बसत नाही. म्हणून प्रश्न फिरला: सर्वांत दुखलं तेव्हाचं नको, सर्वांत चांगले वागलात तेव्हाचं लिहा.

मला वाटतं, इथे काहीतरी सांडलं. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाच व्यायाम तपासला. असा एक प्रसंग लिहून आठवडाभर रोज वाचणाऱ्यांना लगेच बरं वाटलं, पण तो परिणाम टिकला नाही. उलट रोज रात्री दिवसभरातल्या ३ चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं लिहिणाऱ्यांना ६ महिन्यांनंतरही फायदा दिसला. त्यातही ज्यांनी आठवडा संपल्यावर स्वतःहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना अधिक.

ध्यान आणि बलस्थानं एकत्र बांधण्याचं काम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रायन नीमेक यांनी २०१४ च्या सुमारास केलं. त्यांचा वर्गही ८ आठवड्यांचाच आहे, साचा वूस्टरचा.