वीस की चाळीस? वायफायच्या रुंदीची पार्श्वभूमी

कोथरूडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत जिन्यात उभं राहून फोनवर वायफायची यादी उघडा. पंचवीस-तीस नावं सहज दिसतात आणि त्यातली बरीचशी २.४ गिगाहर्ट्झची. आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झालेला हा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे. राउटर ज्या पट्टीवर बोलतो ती म्हणजे चॅनेल; तो २० मेगाहर्ट्झ रुंद होता तोवर १, ६ आणि ११ या क्रमांकांचे तिघं एकमेकांवर न चढता गुण्यागोविंदानं नांदत होते. रुंदीचा प्रश्न कुणाला पडतच नव्हता.

तो पडला वायफायच्या २००९ च्या मानकामुळे (८०२.११एन). शेजारचे दोन चॅनेल जोडून ४० करायची मुभा त्यात मिळाली. एका प्रवाहाचा (एका वेळी हवेतून जाणाऱ्या एका स्वतंत्र डेटाधारेचा) कमाल वेग सेकंदाला ७२ वरून १५० मेगाबिटवर गेला. दुपटीहून थोडा जास्त, कारण दोन चॅनेलमधली मोकळी फटही कामाला लागते. ५ गिगाहर्ट्झमध्ये याला कुणाची हरकत नव्हती. भांडण झालं ते २.४ वरून, कारण तिथे ४० चा एक चॅनेल १, ६, ११ पैकी दोघांची जागा खातो. अखेर तडजोड झाली: ४० वापरा, पण शेजारी दुसरं जाळं आढळलं तर राउटरनं आपणहून २० वर यावं. कागदावर चोख. मात्र ही तपासणी बंद करायची सोय अनेक राउटरांच्या मेनूतच आहे, आणि वेगाच्या आशेनं ती हमखास वापरली जाते. माझ्या मते २.४ मध्ये ही मुभा द्यायलाच नको होती.

कारण रुंदी फुकट मिळत नाही. तेवढीच शक्ती दुप्पट जागेत पसरते आणि गोंगाट ३ डेसिबलनं वाढतो. हॉलमध्ये सोफ्यावर बसून ४० झकास चालतं. दोन भिंतींपलीकडे आतल्या खोलीत तेच अडखळतं. शिवाय राउटर बोलण्याआधी कान देऊन ऐकतो, त्यामुळे चॅनेल जितका रुंद तितके वाट अडवणारे शेजारी जास्त.

त्यात ‘बँडविड्थ’ या शब्दानं घोळ घातला. रेडिओवाल्यांच्या भाषेत ती चॅनेलची रुंदी, केबलवाल्याच्या भाषेत प्लॅनचा वेग. राउटरच्या मेनूत ‘चॅनेल बँडविड्थ: २०’ दिसलं की विचारणा ठरलेली: “शंभरचा प्लॅन घेतलाय, मग इथे वीसच कसे?” आणि त्यांचे चाळीस होतात. एक आकडा मेगाहर्ट्झचा, दुसरा मेगाबिटचा, हे सांगेपर्यंत समोरच्यानं सेव्ह दाबलेलं असतं.

२०१३ च्या मानकानं ८० आणि १६० आणले, पण शहाणपणानं फक्त ५ गिगाहर्ट्झमध्ये. २०१८ मध्ये भारतानं त्या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले, तरी १६० चे दोनच चॅनेल बसतात. आता वायफाय ७ ची ३२० ची भाषा सुरू आहे. त्यासाठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झमधले खालचे ५०० मेगाहर्ट्झ परवानामुक्त करण्याचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. ५०० मध्ये ३२० चा एकच चॅनेल मावतो. हिंजवडीच्या अख्ख्या टॉवरला मिळून एक.