साधं चित्र चुका लपवू देत नाही

डिसेंबर १९४५ मध्ये पिकासोने लिथोग्राफच्या, म्हणजे शिळाछापाच्या, दगडावर एक बैल काढला. मग तेच चित्र खरवडत, बदलत जानेवारीपर्यंत त्याच्या ११ अवस्था छापल्या. गंमत म्हणजे दुसऱ्या अवस्थेत बैल साधा व्हायचा सोडून आणखीच धिप्पाड झाला. नंतर केस गेले, स्नायू गेले, छाया गेली. अकराव्या छापात मोजक्या रेघा उरल्या. तरी तो बैलच आहे, हे चटकन कळतं.

याचं कारण डोळ्यात आहे. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी असतात, पण तिथून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० लाखांच्या घरात. त्यामुळे काटछाट डोळ्यातच सुरू होते. सपाट, एकसारख्या भागाची फारशी दखल घेतली जात नाही. उजेड-अंधार जिथे बदलतो त्या कडा पुढे पाठवल्या जातात. मेंदूत तर ठरावीक कोनातल्या रेघेलाच दाद देणाऱ्या पेशी आहेत. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये अशा पेशी मांजरांच्या मेंदूत दाखवून दिल्या. नेमकी रेघ ओढणारा चित्रकार मेंदूचं निम्मं काम आधीच उरकून देतो.

मग सगळ्यात सुंदर काय, नुसता चौरस? बर्कहॉफ या गणितज्ञाने १९३३ मध्ये सौंदर्याचं सूत्रच मांडलं: सुव्यवस्था भागिले गुंतागुंत. त्याने तपासलेल्या ९० बहुभुजाकृतींत चौरस पहिला आला. सूत्र देखणं आहे, पण माणसाची आवड त्यात बसत नाही. फार साधं कंटाळा आणतं, फार गुंतागुंतीचं डोकं उठवतं आणि पसंती मधे कुठेतरी असते, असं बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने मांडलं.

साधेपणा खरा अवघड होतो तो हाताला. १० सेंटिमीटरचा चौरस काढा, शेजारी तेवढ्याच व्यासाचं वर्तुळ. वर्तुळ लहान वाटेल. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर, चौरसाचं १००. शिवाय वरच्या-खालच्या पातळीला ते एकेका बिंदूतच टेकतं. म्हणून रोमन अक्षरं घडवणारे गोल अक्षराची उंची साधारण १ ते ३ टक्के वाढवतात. आडवी रेघ उभीइतकीच जाड ठेवली तर जास्त जाड दिसते, म्हणून ती किंचित बारीक करतात. बरोबर मध्यावर ठेवलेली आकृती खाली घसरल्यासारखी वाटते. ती जराशी वर घ्यावी लागते. पट्टीने मोजलं तर चूक, डोळ्याला बरोबर!

दाट नक्षीत हे सगळं खपून जातं. रिकाम्या कागदावरच्या दोन रेघांत मात्र नाही. एका ओळीतल्या दोन रेघा किंचित सरकल्या, तर ६० सेंटिमीटरवरून तीक्ष्ण नजरेला मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकही कळतो.

मालेविच या चित्रकाराचं १९१५ चं ‘काळा चौकोन’ हे चित्र घ्या. तो चौकोनही काटेकोर चौरस नाही. बाजू किंचित तिरक्या आहेत. २०१५ मध्ये क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा त्या काळ्या रंगाखाली आणखी दोन चित्रं निघाली.