कूलरच्या ताट्या बदलता, तेव्हा गाडीचे रेडिएटरही उघडा
आमच्या स्पोर्ट्स कार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. जुन्या ताट्यांवर क्षाराचं पांढरं कवच चढलेलं असतं, हवा आरपार जात नाही, म्हणून आपण त्या काढून नव्या बसवतो. हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. गाडीच्या रेडिएटरचंही तसंच होतं, पण तो बंपरच्या आड असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे गरम होऊन येणाऱ्या पुष्कळ गाड्यांचं इंजिन धडधाकट असतं. अडलेली असते ती फक्त हवेची वाट.

साध्या गाडीत एकच मोठा रेडिएटर समोर मधोमध असतो. पोर्शे ९११ चं इंजिन मागे आहे आणि १९९७ मध्ये नवं मॉडेल येईपर्यंत ते हवेवर थंड व्हायचं. पाण्यावरची ९११ आली तेव्हापासून तिचे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, बंपरच्या दोन तोंडांमागे बसतात. काही मॉडेलना मधे तिसराही असतो. बॉक्स्टर आणि केमनची मांडणीही अशीच. कोपऱ्यातल्या या रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग, असतो आणि हे सगळं रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर. त्यामुळे रस्त्यावर जे पडलेलं असेल ते थेट आत जातं.

गेल्या उन्हाळ्यात एक गाडी आली. तक्रार एसीची होती. दोनदा गॅस भरून झाला होता आणि दोन्ही वेळा तो महिन्याभरात गेला. आम्ही पुढचा बंपर उतरवला, कंडेन्सरचे स्क्रू सोडून तो जरासा पुढे कलता केला. मागे कडुनिंबाची पानं, सावरीचा कापूस, मेलेले किडे आणि धूळ यांची बोटभर जाडीची गादी तयार झाली होती. वरून कोरडी, खालून ओली, कुजक्या वासाची. खालच्या कोपऱ्यातलं ॲल्युमिनियम पांढरं पडलं होतं. बोट लावलं तर फिन, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या, भुग्यासारखे गळून पडले. गॅस तिथूनच जात होता. ओला पालापाचोळा धातूला चिकटून राहिला की तो हळूहळू धातू खातो. कंडेन्सर बदलावा लागला. वर्षातून एकदा गादी काढली असती तर तो वाचला असता, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

नागपुरात हे जास्त का बाधतं, तर त्याला साधा हिशेब आहे. कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता रेडिएटरपर्यंत आणणारं द्रव, ९० अंशांवर आणि बाहेर २५ अंश असेल तर दोघांत ६५ अंशांचा फरक राहतो. मे महिन्यात बाहेर ४५ झाले की फरक उरतो ४५ चा. म्हणजे तोच रेडिएटर, तीच हवा, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद साधारण ३० टक्क्यांनी कमी. २०१३ च्या मे महिन्यात तर इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. त्यात हवा आधी तापलेल्या कंडेन्सरमधून येते. हिवाळ्यात अर्धा बुजलेला रेडिएटरही निभावून नेतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वर्धा रोडच्या सिग्नलवर तो हात टेकतो.

जाळी बसवावी का? आमचं मत: होय, अवश्य. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगात ट्रकच्या चाकातून उडालेला खडा फिन वाकवतो, कधी नळीही फोडतो. पण मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावू नका. ती हवाच अडवते आणि आठवड्यात किड्यांनी भरते. स्टेनलेस स्टीलची किंवा काळा थर दिलेली ॲल्युमिनियमची, मोकळ्या घरांची जाळी घ्या. ती बंपरच्या तोंडाशी बसवायची. केबल टायने थेट कंडेन्सरला बांधलेली जाळी थरथरून नळ्या घासते. अशी छिद्रं पडलेली आम्ही पाहिली आहेत. आणि जाळीने खडे आणि पानं थांबतात, धूळ थांबत नाही. सफाई चुकत नाही.

सफाई घरी करत असाल तर प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका. फिन कागदासारखे पातळ असतात, एका फटकाऱ्यात आडवे होतात आणि वाट कायमची बंद. मऊ ब्रश, साधा पाइप, हलकी हवा एवढंच पुरे. मधली गादी मात्र बंपर काढल्याशिवाय निघत नाही.

कूलंटबद्दल एक गैरसमज आम्हाला रोज ऐकू येतो: ‘इथे कुठे बर्फ पडतो? साधं पाणी चालतं.’ साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असलं की बंद झाकणाच्या दाबाखाली ते मिश्रण साधारण १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय कूलंटमधली रसायनं ॲल्युमिनियम आणि वॉटर पंप सांभाळतात. पण नुसतं कूलंटही भरू नये, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. बोअरचं पाणी कधीच नको; ताटीवर जे पांढरं कवच दिसतं तेच आत नळ्यांमध्ये बसतं. रंग पाहून दोन कूलंट मिसळू नका, रंगाला ठरलेला नियम नाही. वाटेत अडलातच तर बाटलीबंद पाणी घाला आणि परत आल्यावर आम्हाला सांगा, आम्ही मिश्रण तपासून देतो. गाडी तापलेली असताना झाकण उघडू नका. उसळणारं कूलंट तोंड भाजतं.

घरच्या घरी एक तपासणी महिन्यातून एकदा करा. गाडी सुरू करून एसी लावा, पुढे जा आणि दोन्ही तोंडांपाशी कान द्या. दोन्हीकडचे पंखे फिरले पाहिजेत. एकच फिरत असेल तर दुसऱ्याचा रेझिस्टर (पंखा कमी वेगात चालवणारा भाग) जळाला असण्याची शक्यता असते; तो पंखा गाडी फार तापल्यावरच, पूर्ण वेगात सुरू होतो. तापमानाच्या मीटरवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. बंपरखाली गोडसर वास किंवा वाळलेले रंगीत डाग दिसले, तर त्याच दिवशी फोन करा.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ती झाडाखाली ठेवू नका आणि उंदरांचा बंदोबस्त करा. होस पाइप त्यांना आवडतात.

वार्षिक सफाईसाठी फेब्रुवारीत, होळीची गर्दी व्हायच्या आत या. गाडी आदल्या संध्याकाळी सोडलीत तर बरं, कारण आम्हाला ती पूर्ण थंड लागते. कूलंट बदलायचं असेल तर ते आम्ही व्हॅक्युम लावून भरतो. या गाड्यांत पाइप पुढून मागेपर्यंत जातात आणि नुसतं ओतलं की मधे हवा अडकून बसते. बंपरमागून निघालेला कचरा आम्ही टाकून देत नाही. गाडी न्यायला याल तेव्हा तो घमेल्यात ठेवलेला असेल, स्वतः बघून घ्या.