न्यूयॉर्कचे वाहतूक कोंडी शुल्क : सवलतीसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

मॅनहॅटनमध्ये ६०व्या रस्त्यावर किंवा त्याच्या दक्षिणेला मोटार घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ५ जानेवारी २०२५ पासून वाहतूक कोंडी शुल्क भरावे लागते. राज्याच्या विधिमंडळाने यासाठीचा कायदा २०१९ मध्येच मंजूर केला होता. जून २०२४ च्या अखेरीस १५ डॉलर दराने वसुली सुरू होणार होती, परंतु गव्हर्नर कॅथी होकल यांनी ऐन वेळी तिला स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये दर ९ डॉलरवर आणून योजना पुन्हा मार्गी लावली. शुल्काची वसुली एमटीए ही सार्वजनिक वाहतूक संस्था करते आणि त्यातून येणारा पैसा भुयारी रेल्वे, बस व उपनगरी रेल्वेच्या सुधारणांसाठी वापरला जातो.

हे शुल्क आपोआप कापले जाते, सवलत मात्र अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. ज्यांना सवलतीची खरी गरज आहे, त्यांच्याकडेच अर्जाच्या मागे लागायला वेळ कमी असतो. म्हणून हा भाग येथे सविस्तर दिला आहे.

आधी दर समजून घेऊ. ई-झेडपास (टोल आपोआप कापून घेणारे खाते आणि त्याचा गाडीत लावायचा टॅग) असलेल्या खासगी मोटारीला सोमवार ते शुक्रवार पहाटे ५ ते रात्री ९ आणि शनिवार-रविवारी सकाळी ९ ते रात्री ९ या गर्दीच्या वेळेत ९ डॉलर लागतात, तर उरलेल्या वेळेत २.२५ डॉलर. मोटारसायकलला गर्दीच्या वेळी ४.५० डॉलर, लहान ट्रकला १४.४० आणि मोठ्या ट्रकला २१.६० डॉलर असा दर आहे. मोटारीला दिवसातून एकदाच शुल्क पडते, मग ती कितीही वेळा आत-बाहेर करो. शुल्क प्रवेशाचे आहे. आत आधीपासून उभी असलेली किंवा आतल्या आतच फिरणारी गाडी त्या दिवशी बाहेरून आत आली नसेल, तर तिला काहीही द्यावे लागत नाही. लंडनमध्ये असे नाही, तेथे शुल्काच्या वेळेत क्षेत्राच्या आत गाडी चालवली तरी पैसे पडतात. एफडीआर ड्राइव्ह आणि वेस्ट साइड हायवे हे दोन्ही मार्ग न्यूयॉर्कच्या शुल्कातून वगळलेले आहेत. त्यांवरून सरळ निघून गेल्यास शुल्क लागत नाही. शहराच्या रस्त्यावर उतरलात की लागते.

नाक्यावर थांबवून पैसे घेणारे कोणी नाही. रस्त्यावरचे कॅमेरे आणि संवेदक गाडीचा टॅग किंवा नंबरप्लेट टिपतात. टॅग नसेल तर वाहनाच्या नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर टपालाने बिल येते, आणि तेव्हा गर्दीच्या वेळेचा दर ९ ऐवजी १३.५० डॉलर होतो. म्हणूनच पुढच्या कोणत्याही अर्जाचा विचार करण्यापूर्वी ई-झेडपास खाते उघडावे आणि त्यावर गाडीची नंबरप्लेट नोंदवावी. जी प्लेट सध्या गाडीला लावलेली आहे, तीच खात्यावर असली पाहिजे. नवी गाडी घेतल्यावर तात्पुरती प्लेट बदलून कायमची आली की खात्यातही तो बदल करावा. प्लेटचे अक्षर न अक्षर नोंदणीपत्र समोर ठेवून जुळवावे, विशेषतः इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक.

बोगद्याने येणाऱ्यांना मिळणाऱ्या वजावटीसाठी अर्जाची गरज नाही. गर्दीच्या वेळी ई-झेडपासने लिंकन किंवा हॉलंड बोगद्यातून आलेल्या मोटारीला ३ डॉलरपर्यंत, तर क्वीन्स-मिडटाउन किंवा ह्यू केरी बोगद्यातून आलेल्या मोटारीला १.५० डॉलरपर्यंत वजावट मिळते. न्यू जर्सीहून लिंकन बोगद्याने येणाऱ्याला त्यामुळे ९ ऐवजी ६ डॉलर पडतात, अर्थात बोगद्याचा टोल वेगळा. ब्रुकलिन पुलासारख्या विनाटोल पुलावरून येणाऱ्यांना ही वजावट नाही.

कमी उत्पन्न असलेल्या वाहनमालकांसाठीची सवलत हा या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मागील कॅलेंडर वर्षाच्या केंद्रीय प्राप्तिकर विवरणपत्रात ज्यांचे समायोजित एकूण उत्पन्न (एकूण उत्पन्नातून ठरावीक वजावटी वगळून उरणारी रक्कम) ५० हजार डॉलर किंवा त्याहून कमी आहे, ते पात्र ठरतात. स्नॅप, टॅनफ किंवा विक यांपैकी एखाद्या सरकारी साहाय्य योजनेत नाव असलेली व्यक्तीही पात्र ठरते. अर्ज एमटीएच्या संकेतस्थळावरून करता येतो. त्यासाठी ई-झेडपास खात्याचा तपशील, नंबरप्लेट, गाडीचे नोंदणीपत्र आणि पात्रतेचा पुरावा म्हणून विवरणपत्राची प्रत किंवा साहाय्य योजनेतील नोंदणीचे पत्र हाताशी ठेवावे. विवरणपत्रात एकूण वेतन आणि समायोजित एकूण उत्पन्न या निरनिराळ्या ओळी असतात. पगार ५० हजारांहून थोडा जास्त आहे म्हणून अर्ज सोडून देण्यापूर्वी दुसरी ओळ अवश्य पाहावी.

ही सवलत पहिल्या फेरीपासून लागू होत नाही. कॅलेंडर महिन्यातील गर्दीच्या वेळेच्या पहिल्या १० फेऱ्यांना पूर्ण दर लागतो आणि अकराव्या फेरीपासून निम्मा, म्हणजे ४.५० डॉलर. पुढचा महिना उजाडला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. महिन्यात २२ दिवस कामावर येणाऱ्याला सवलतीशिवाय १९८ डॉलर पडतात. सवलतीत पहिल्या १० फेऱ्यांचे ९० आणि पुढच्या १२ फेऱ्यांचे ५४ मिळून १४४ डॉलर होतात. टॅगच नसेल, तर तोच महिना २९७ डॉलरला पडतो. रात्रीचा दर मुळातच कमी असल्याने त्यावर ही सवलत नाही.

अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे ज्यांना रेल्वे व बसने प्रवास करता येत नाही, त्यांना शुल्क पूर्णपणे माफ होऊ शकते. ही सूट व्यक्तीच्या गरजेवर दिलेली आहे, त्यामुळे अर्जदाराने स्वतः गाडी चालवलीच पाहिजे असे नाही. त्याची ने-आण करणाऱ्या नातेवाइकाची किंवा काळजीवाहकाची गाडीही अर्जात नोंदवता येते, आणि घरातल्या आजारी माणसाला वारंवार रुग्णालयात न्यावे लागणाऱ्या कुटुंबाला ही तरतूद मोठा आधार ठरते. अपंगांसाठीचा सरकारी पार्किंग परवाना असल्यास त्याची प्रत किंवा डॉक्टरांचे प्रमाणपत्र अर्जासोबत लागते. प्रमाणपत्रात आजाराच्या नावाबरोबरच सार्वजनिक वाहनाने प्रवास का शक्य नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. खरे तर अर्जाचे वजन त्याच वाक्यावर अवलंबून असते.

सर्व कागदपत्रांवरील नाव एकसारखे असावे, ही बाब आपल्या लोकांनी जरा अधिक काळजीने पाहावी. पारपत्रावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये आणि वाहन नोंदणीवर फक्त आद्याक्षर, किंवा ई-झेडपास खाते पतीच्या आणि गाडी पत्नीच्या नावावर, अशी स्थिती घरोघरी आढळते. अर्जापूर्वीच ती दुरुस्त करून घ्यावी.

शुल्क क्षेत्रातच कायमचे राहणाऱ्यांसाठी तरतूद निराळी आहे. ज्यांचे समायोजित एकूण उत्पन्न ६० हजार डॉलरपेक्षा कमी आहे, त्यांनी शुल्क नेहमीप्रमाणे भरायचे आणि न्यूयॉर्क राज्याचे प्राप्तिकर विवरणपत्र दाखल करताना त्या रकमेचे कर-श्रेय, म्हणजे भरायच्या करातून तेवढी सूट, मागायचे. यासाठी ई-झेडपासची मासिक विवरणे वर्षभर जपून ठेवावीत. भाडेकरार आणि पत्त्याचा पुरावाही त्याच फाइलमध्ये असलेला बरा.