निबंधप्रश्न (शालेय परीक्षा)

निबंधप्रश्न म्हणजे विद्यार्थ्याला एखाद्या विषयावर स्वतःच्या भाषेत, सलग परिच्छेदांत लिहायला लावणारा परीक्षेतील प्रश्न. त्यात आशयाची निवड, मांडणीचा क्रम आणि भाषा असे सगळेच तपासले जाते. विषय चांगला माहीत असूनही गुण जातात ते बहुधा प्रश्नाचा प्रकार न ओळखल्यामुळे. संत्र्यावर दोन पाने माहिती असलेला मुलगा ‘मी संत्र्याचे झाड बोलतोय’ या प्रश्नाला ‘संत्रे हे आरोग्यदायी फळ आहे’ अशी सुरुवात करतो, तेव्हा त्याचे पहिलेच वाक्य प्रश्नाला सोडून गेलेले असते.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाचे असतात. त्यांपैकी ६ गुण पत्र किंवा सारांशाला आणि १० गुण जाहिरात, बातमी व कथा यांतील दोन कृतींना मिळतात. उरलेले ८ गुण प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एकाला असतात. आपण ज्याला ‘निबंध’ म्हणतो तो हाच भाग. खालच्या इयत्तांमध्ये वर्णनात्मक, कल्पनाप्रधान आणि व्यक्तिचित्रणात्मक निबंधही विचारले जातात.

एकच विषय प्रकारागणिक किती बदलतो, हे नागपूरच्या मारबतीवरून नीट समजते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, पिवळी आणि काळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. सोबत त्या त्या वर्षीच्या सामाजिक दुखण्यांवर बोट ठेवणारे पुतळे, म्हणजे बडगे (एक असेल तर ‘बडग्या’), असतात आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी घुमत असते. प्रश्न ‘नागपूरची मारबत’ एवढाच असेल, तर तो वर्णनात्मक. इथे वर्तमानकाळ चालतो, दरवर्षी काय होते ते सांगायचे, आणि पुतळ्याचा रंग, उंची, बांबू-कागदाचे काम, गर्दीचा आवाज असे तपशील महत्त्वाचे.

‘तुम्ही मारबतीच्या मिरवणुकीला उपस्थित होता, असे समजून प्रसंगलेखन करा’ असे म्हटले की दरवर्षीची मिरवणूक बाजूला पडते आणि एकच दिवस उरतो. काळ भूतकाळ होतो. नागपूरच्या इतवारी भागातल्या कुणाच्या ओट्यावर जागा मिळाली, दोन्ही मारबती समोरासमोर आल्यावर काय झाले, पाऊस आला का, हे लिहायचे. दहावीत या प्रश्नासोबत बहुधा एखादी सूचना, निमंत्रण किंवा बातमीचा तुकडा चौकटीत छापलेला असतो. त्यातले स्थळ, वेळ, पाहुणे उत्तरात यायलाच हवेत. घाईत नेमकी ती चौकटच वाचायची राहते.

‘मी बडग्या बोलतोय’ हे आत्मकथन, बोलीभाषेत ‘मनोगत’. यात ‘मी’ म्हणजे विद्यार्थी नाही, आणि ही जाणीव शेवटच्या ओळीपर्यंत टिकवावी लागते. बडग्याला जे दिसते तेवढेच त्याने सांगावे: अंगावर चिकटवलेले कागद, गळ्यात अडकवलेली पाटी, महागाईच्या नावाने लोकांनी घातलेल्या शिव्या, आणि संध्याकाळी आपल्याला जाळणार हे आधीच ठाऊक असणे. मुलांच्या हातून सर्वांत जिवंत लेखन याच प्रकारात होते, असे या नोंदीचे मत आहे, कारण इथे तयार वाक्ये फारशी कामी येत नाहीत. प्रश्नासोबत दिलेले मुद्दे (जन्म, उपयोग, खंत, संदेश असे काही) मात्र गाळून चालत नाही.

‘मारबत निघालीच नाही तर...’ हा कल्पनाप्रधान प्रश्न. ‘तर’ नंतरचे परिणाम एकातून एक निघायला हवेत. हा निबंध नुसता ‘किती बरे झाले असते’ वर थांबला की फसतो. तोटा आणि फायदा दोन्ही रंगवून पुन्हा वास्तवात यावे लागते.

‘सण आणि समाजप्रबोधन’ असा विषय आला की प्रकार वैचारिक. मारबत इथे फक्त दाखला म्हणून येते. आधी भूमिका, मग कारणे, विरुद्ध बाजूचा विचार आणि आपले मत, असा क्रम लागतो. गाइडमधले पाठ निबंध सर्वांत जास्त इथेच खपवले जातात, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतात. शंभर वह्यांत तेच सुभाषित, त्याच जागी.

इतिहास, भूगोलातल्या दीर्घोत्तरी प्रश्नांत प्रकार क्रियापदावरून ठरतो. ‘टीप लिहा’ म्हणजे थोडक्यात ठळक मुद्दे. ‘विधान सकारण स्पष्ट करा’ यात कारणे हवीत, नुसती हकिकत नको. ‘फरक स्पष्ट करा’ला दोन्ही बाजू एकाच निकषावर तोलाव्या लागतात.

विदर्भातल्या मुलांपुढे भाषेचाही प्रश्न असतो. घरी वऱ्हाडी, भंडारा-गोंदियाकडे झाडीबोली, नागपूर शहरात हिंदीमिश्रित मराठी, आणि उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी. निवेदन प्रमाण भाषेतच अपेक्षित असते. प्रसंगलेखनात आजीच्या तोंडी ‘कायले जातं रे गर्दीत, मले नाई पटत’ असे वाक्य अवतरणचिन्हांत घातले, तर मात्र ती चूक ठरू नये. पात्राची बोली पात्राच्या तोंडी असणे हा लेखनाचा गुणच आहे. वैचारिक लेखनात किंवा पत्रात तिला जागा नाही. आत्मकथनात बडग्या थोडासा वऱ्हाडीत बोलला तरी चालावे, पण मग त्याने सुरुवातीपासून तसेच बोलावे. अर्धे इकडे, अर्धे तिकडे झाले की ती अशुद्धी वाटते.